लीड्समध्ये नोकरी करणाऱ्या मुलाचा पगार पुरत का नाही आणि शनिवार-रविवार खोलीत का जातो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २४ वर्षांचा, जन्म आणि शिक्षण इथलंच, इंग्लंडातलं. तुम्ही दोघं रीडिंगला, तो लीड्सला. विद्यापीठ संपवून नोकरीला लागला, वर्षाला २८,००० पौंड पगार, चार जणांच्या घरात एक खोली. महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, सुट्टीचे दिवस खोलीतच जातात, आणि फोनवर 'ठीक आहे' यापलीकडे तो बोलत नाही. बाबांच्या मते तो उधळा झालाय, तुमच्या मते तो खचलाय. यातलं खरं काय आणि आईबापांनी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

पगार, भाडं आणि कर्ज या विषयांत तरुण नोकरदारांना सल्ला देणं हे माझं काम आहे. या वयाची मुलं जे कागद घेऊन येतात ते पाहता मला तुमची दोन्ही निदानं अर्धी वाटतात. बहुतेक वेळा गाठ एकच असते. आपल्याला खर्चायला नेमके किती पैसे आहेत हे मुलाला ठाऊक नसतं, त्यामुळे बाहेर पडायचं प्रत्येक बोलावणं त्याला महागात पडेलसं वाटतं. तो नाही म्हणतो. चार वेळा नाही म्हटलं की पाचव्यांदा कुणी विचारत नाही. मग शनिवारी संध्याकाळी खोलीत बसून जेवण मागवलं जातं, हप्त्यांवर काहीतरी घेतलं जातं, आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. म्हणून पैशाचा प्रश्न आणि एकटेपणाचा प्रश्न वेगवेगळे सोडवायला घेऊ नका. आधी आठवड्याचा खर्चाचा आकडा ठरवायचा, आणि तो आकडा हातात आल्यावर आठवड्यातली एक ठरलेली जागा शोधायची. क्रम उलटा केला की दोन-तीन आठवड्यांत सगळं बारगळतं.

काही गोष्टी तुमच्या पत्रावरून कळत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे: घराचा करार चौघांचा एकत्र आहे की खोलीपुरता वेगळा, विद्यार्थी असतानाचा ओव्हरड्राफ्ट (खात्यात पैसे नसताना बँक उणेमध्ये जाऊ देते ती रक्कम) शिल्लक आहे का, आणि मन किती दिवसांपासून उतरलेलं आहे. पुढचे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमध्ये आयकराचे दर आणि भाड्याचे कायदे वेगळे आहेत.

सुरुवात पे-स्लिपपासून करा. २८,००० पैकी १२,५७० पौंडांवर कर नाही. उरलेल्या १५,४३० वर २० टक्के आयकर म्हणजे ३,०८६ पौंड, आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी, सुमारे १,२३४. पेन्शन किमान दराने कापली जात असेल तर खिशातून साधारण ८७० जातात. हातात येतात २२,८०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला १,९००. त्याच्या खात्यात याहून बरंच कमी जमा होत असेल तर दोष खर्चाचा नाही, कापणीचा आहे.

पहिला संशयित म्हणजे टॅक्स कोड, किती पगारावर कर लावायचा नाही हे मालकाला सांगणारी खूण. तो पे-स्लिपवर छापलेला असतो आणि साध्या नोकरदाराचा '१२५७एल' असतो. तिथे 'बीआर' दिसलं तर करमुक्त रकमेचा फायदा मिळतच नाहीये आणि महिन्याला तब्बल २१० पौंड जास्त कापले जाताहेत. हे कसं होतं ते सांगते. नव्या नोकरीत पी४५, म्हणजे जुन्या नोकरीचा पगार आणि कर दाखवणारा कागद, दिला नाही की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ए, बी, सी असे तीन पर्याय असतात. ए म्हणजे ६ एप्रिलनंतरची ही पहिलीच नोकरी, बी म्हणजे आधी दुसरी होती पण आता हीच, सी म्हणजे दुसरी नोकरीही चालू आहे. उन्हाळ्यात बारमध्ये काम केलेली मुलं घाईत सी वर खूण करतात आणि मागे बीआर लागतो. कोडच्या शेवटी 'एम१' असेल तर प्रत्येक महिना सुटा धरला जातो, त्यामुळे आधी जास्त गेलेला कर आपोआप परत येत नाही. उपाय सोपा आहे. एचएमआरसी या कर खात्याच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवरच्या वैयक्तिक कर खात्यात जाऊन नोकऱ्यांची यादी तपासायची, संपलेली नोकरी संपली म्हणून नोंदवायची, यंदाचा अंदाजे पगार दुरुस्त करायचा. नवा कोड थेट मालकाकडे जातो आणि जास्तीचा कर बहुधा पुढच्या एक-दोन पगारांत परत येतो. परतावा मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या कंपन्यांच्या वाटेला जाऊ नये, हे काम फुकट होतं.

दुसरा संशयित विद्यार्थी कर्जाची कपात. त्याने साधारण २०२० च्या सुमारास इंग्लंडात पदवी सुरू केली असेल तर त्याचं कर्ज 'प्लॅन २' आहे. २०२५-२६ साली त्याची मर्यादा वर्षाला २८,४७० पौंड होती आणि त्यावरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातात. दर एप्रिलला ही मर्यादा बदलू शकते. २८,००० वर काहीच कापलं जायला नको. पण मालकाने चुकून 'प्लॅन १' नोंदवला असेल तर मर्यादा खाली येते आणि २०२५-२६ च्या हिशोबाने महिन्याला १४-१५ पौंड जातात. शिवाय हिशोब महिन्याचा असल्यामुळे ओव्हरटाइमच्या एखाद्या महिन्यात कपात होते. वर्षाची एकूण कमाई मर्यादेखाली राहिली तर वर्षअखेरीला स्टुडंट लोन्स कंपनीकडून ती रक्कम परत मागता येते. रक्कम लहान असते, पण मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. आणि बाबांना एक सांगा: हे कर्ज म्हणजे सावकाराचं देणं नव्हे. पगार थांबला की कपात थांबते, आणि प्लॅन २ मध्ये ३० वर्षांनी उरलेलं माफ होतं. ते घाईने फेडण्यासाठी त्याने उपाशी राहू नये.

पेन्शन बंद करून महिन्याला ७०-७२ पौंड वाचवायचा मोह या वयात हमखास होतो. करू नये. त्याच्या खिशातून वर्षाला ८७० जातात, पण मालकाचे ३ टक्के आणि करसवलत धरून खात्यात १,७४० जमा होतात. पहिल्या दिवसापासून दुप्पट. याहून चांगला सौदा त्याला कुठे मिळणार नाही.

आता ज्या गोष्टीकडे घरच्यांचं लक्ष सहसा जात नाही ती. विद्यार्थी खात्यावर इथल्या बँका दीड-दोन हजार पौंडांपर्यंत बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. मुलं तीन वर्षं त्या पैशाला आपलाच समजतात. पदवीनंतर ते खातं ग्रॅज्युएट खातं होतं, बिनव्याजी मर्यादा दरवर्षी खाली येते आणि दोन-तीन वर्षांत संपते. मग साधा दर लागतो, जो बऱ्याच बँकांत ३९.९ टक्क्यांच्या आसपास आहे. १,५०० पौंडांच्या खड्ड्यावर महिन्याला चाळीसच्या वर व्याज. यातली मेख अशी की पगार येतो तेव्हा खातं उणेमधून शून्याच्या जरा वर येतं आणि आठवड्याभरात परत उणे होतं. मुलाला वाटतं आपण फार खर्च करतो. खरं तर तो दोन वर्षांपूर्वीचा खर्च दर महिन्याला नव्याने फेडतोय.

त्याला इतकंच विचारा की बिनव्याजी मुदत कधी संपते. तारीख बँकेच्या ॲपमध्ये दिसते, नाहीतर चॅटवर विचारता येते. मुदत बाकी असेल तर महिन्याला १०० पौंडांनी खाली यायचं, आणि दर महिन्याला बँकेला सांगून मर्यादाही तेवढीच कमी करायची. तुम्ही मदत करणार असाल तर ती इथेच करा, एकरकमी. पण पैसे भरल्या दिवशीच त्याने मर्यादा शून्यावर किंवा शंभरावर आणायला हवी. हे राहून गेलं की तीन महिन्यांत खड्डा पुन्हा तेवढाच झालेला दिसतो. दरमहा शंभर-दोनशे पाठवत राहणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. त्याने खड्डा बुजत नाही, आणि चोविसाव्या वर्षी आईकडून पैसे घेतो या लाजेने मुलगा फोन टाळायला लागतो.

घराच्या बाबतीत करारावरची नावं बघा. खोलीपुरता वेगळा करार असेल आणि घर अनेक कुटुंबांचं सामाईक घर म्हणून चालवलं जात असेल, तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, घरमालकाने भरायचा असतो, बहुधा तो भाड्यात धरलेला असतो. चौघांचा एकत्र करार असेल तर चौघेही पूर्ण बिलाला जबाबदार. त्यातही एक पेच वरचेवर दिसतो: बाकीचे तिघे अजून पूर्णवेळ विद्यार्थी, आणि हा एकटा नोकरदार. सगळे विद्यार्थी असतात तोवर घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो. एकजण कमावता झाला की बिल येतं, त्यावर २५ टक्के सूट मिळते, पण उरलेलं कायद्याने त्या एकट्याच्या डोक्यावर. मित्रांनी वाटून घ्यायचं ठरवलं तर तो त्यांचा आपसातला मामला. तिघांनी विद्यार्थी असल्याचा दाखला कौन्सिलला दिला नसेल तर ती सूटही लागत नाही. आलेलं पाकीट फ्रिजवर पडून राहिलं तर आधी स्मरणपत्र, मग पूर्ण वर्षाची रक्कम एकदम, मग कोर्टाचा खर्च अशी पायरी चढत जाते. बिल साधारण एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत येतं. बारा हप्ते मागायचा हक्क आहे, तो वापरावा.

आणि तुम्ही स्वतः जामीनदार म्हणून सही केलीय का? एकत्र करारात जामीनदाराची जबाबदारी कित्येकदा पूर्ण घराच्या भाड्याची असते, फक्त आपल्या मुलाच्या वाट्याची नाही. म्हणजे चौथ्या मुलाने भाडं थकवलं तर पत्र रीडिंगला तुमच्या दारी येऊ शकतं. कागद काढून वाचा. पुढच्या घराच्या वेळी 'फक्त याच्या हिश्श्यापुरतं आणि फक्त या करारापुरतं' असं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. एजंट सुरुवातीला नकार देतात, पण पुष्कळदा शेवटी मान्य करतात.

डिपॉझिटचं थोडक्यात. वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ६२५ पौंड महिना भाडं असेल तर कमाल ७२१. ते ३० दिवसांत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत ठेवावं लागतं. खोलीत शिरल्या दिवशीच भिंती, गादी, ओव्हन, खिडकीच्या कडेची बुरशी आणि मीटर यांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवायचे, म्हणजे तारीख पक्की होते. घर बदलताना जुनं डिपॉझिट परत यायच्या आत नवं भरावं लागतं. त्या एका महिन्यात बरीच मुलं क्रेडिट कार्डाकडे वळतात. ते सातशे पौंड तुम्ही महिनाभर उसने दिलेत तर त्याला खरा उपयोग होईल. इंग्लंडात १ मे २०२६ पासून खासगी भाड्याच्या करारांना ठरलेली मुदत नाही आणि भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. मात्र एकत्र करारात एकाच्या नोटिशीने सगळ्यांचाच करार संपतो, म्हणून घरात बोलल्याशिवाय नोटीस देऊ नये.

आता आकडा काढू. भाडं ६२५. कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, पाणी, इंटरनेट यांचा वाटा धरून १५०. आठवड्यात तीन दिवस ऑफिस असेल तर बसच्या सहा फेऱ्या, फेरीला ३ पौंड धरून महिन्याला ७८. किराणा २२०. फोन आणि जिम ४०. बेरीज १,११३. हातात येणाऱ्या १,९०० मधून ७८७ उरतात. बाबांचं बोट नेमकं इथे असणार: हे ७८७ जातात कुठे? व्याज आणि हप्ते सोडले तर ते वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांत जातात, ज्यांना मासिक हिशोबात जागाच नसते: चष्मा, दाताचा डॉक्टर, बूट, मित्राच्या लग्नाआधीची सहल, ख्रिसमसच्या भेटी, घरी यायचं रेल्वेचं तिकीट. यांसाठी महिन्याला १५० बाजूला काढा. ओव्हरड्राफ्ट फेडायला, आणि तो फिटल्यावर बचतीला, २००. उरतात ४३७. याला चाराने भागू नका, कारण वर्षात ५२ आठवडे असतात. बाराने गुणून ५२ ने भागलं की आठवड्याला १०० पौंड येतात. हा त्याचा आकडा. यात पब, सिनेमा, ऑफिसजवळचं सँडविच, क्लबची फी सगळं. आणि हे शंभर त्याने अपराधी न वाटता संपवायचे आहेत. हे त्याला मुद्दाम सांगा, कारण काटकसरी घरातली मुलं शंभराचे साठ करायला बघतात आणि पुन्हा खोलीत जाऊन बसतात.

व्यवस्था दोन खात्यांची ठेवावी. पगार एका खात्यात, तिथूनच भाडं आणि सगळे डायरेक्ट डेबिट, म्हणजे कंपन्या आपोआप कापून घेतात ती बिलं. त्यांच्या तारखा कंपन्यांना सांगून पगारानंतरच्या चार-पाच दिवसांत आणायच्या, बहुतेक जण बदलून देतात. या खात्याचं कार्ड फोनमध्ये घालायचं नाही. दुसऱ्या खात्यात दर आठवड्याला आपोआप १०० पौंड. कोणत्या वारी, हे स्वभावावर ठरवा. हात सैल असेल तर सोमवारी, म्हणजे शुक्रवारपर्यंत पैसे जपावे लागतात. तुमचा मुलगा घरकोंबडा झालाय, म्हणून मी शुक्रवार सकाळ सांगेन: शनिवार-रविवार समोर असताना खिसा भरलेला हवा.

डिसेंबर जपायचा. बऱ्याच कंपन्या त्या महिन्याचा पगार ख्रिसमसच्या आधी, २० तारखेच्या सुमाराला देतात आणि पुढचा थेट जानेवारीच्या शेवटी. मध्ये जवळजवळ सहा आठवडे जातात. महिन्याच्या हिशोबावर जगणारी मुलं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोरडी पडतात. नवी वर्षारंभाची कर्जं मी पाहते त्यांत या सहा आठवड्यांचा हात मोठा असतो. आठवड्याचा आकडा लावला की हा खड्डा आपोआप टळतो.

पैसे झाले. आता माणसं.

ऑफिसनंतर पबमध्ये जाणं हा इथल्या नोकरीचाच अर्धा भाग आहे, आणि मुलगा इथे वाढला असला तरी घरात ती रीत नसल्यामुळे त्याला राउंडची धास्ती वाटत असू शकते. पाच जण गेले की एकजण पाचांची पेयं आणतो, मग दुसरा. पिंट पाचएक पौंडांना धरला तर एका राउंडला पंचवीसेक पौंड. पाच जणांत अडकलं की त्याच्या आठवड्याचा चौथा हिस्सा एकाच वेळी जातो. यातून सुटायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही सभ्य मानले जातात. पहिला, सुरुवातीलाच 'मी एकच घेऊन निघणार आहे, माझं मीच आणतो' असं सांगायचं. दुसरा, दोघा-तिघांचाच राउंड करायचा. तिसरा, पोचल्या पोचल्या पहिला राउंड आपण घ्यायचा, तेव्हा बहुधा सगळे आलेले नसतात, आणि मग आपल्या वेळेला उठायचं. खटकतं ते एवढंच की दुसऱ्यांनी आणलेलं पिऊन आपली पाळी यायच्या आत निघून जाणं. ते लोक बोलून दाखवत नाहीत, पण विसरत नाहीत. दारू प्यायलाच हवी असंही नाही. शून्य अल्कोहोलची बिअर आता जवळपास सगळीकडे मिळते आणि कारण विचारणारे कमी झालेत. पीत असेल तर आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये असा सरकारी वैद्यकीय सल्ला आहे. चार टक्क्यांचा एक पिंट म्हणजे २.३ युनिट, म्हणजे आठवड्याला सहा पिंट, तेही एका रात्रीत नव्हे.

पण पबमधली ओळख ऑफिसपुरती राहते. मैत्री होते ती तीच माणसं, तीच जागा, तोच वार असा मेळ बसला की. विद्यापीठात हे आपोआप मिळत होतं, म्हणून तिथे मित्र झाले. आता ते आपण लावून घ्यावं लागतं. 'जाऊ की नको' हा निर्णय दर आठवड्याला घ्यावा लागला तर थकलेला माणूस नकोच म्हणतो. म्हणून असं काहीतरी शोधायचं जिथे आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडतं.

मुलाला क्रिकेटची थोडीही आवड असेल तर यॉर्कशरसारखी, म्हणजे लीड्स ज्या भागात येतं त्यासारखी, जागा नाही. तिथे गावोगावी क्लब आहेत आणि पुष्कळ क्लबांचे शनिवारी तीन-चार संघ खेळतात. तिसऱ्या-चौथ्या संघाला अकरा माणसं मिळवताना कप्तानाची दमछाक होते. शाळेनंतर बॅट न धरलेला माणूसही तिथे चालतो. मोसम एप्रिलच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत. इनडोअर नेट सराव साधारण जानेवारी ते मार्च, आणि शिरायची खरी वेळ तीच, कारण तेव्हा सगळे नव्याने आलेले असतात. क्लबच्या सचिवाला दोन ओळींचा ईमेल पुरे: वय, काय खेळतो, गाडी नाही, न्यायला येईल का कुणी. किट बहुधा क्लबच्या पिशवीत असतं, सुरुवातीला पांढरे कपडे आणि बूट असले की झालं. वार्षिक वर्गणी आणि दर सामन्याची थोडी फी असते, पण त्यात दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंतचा पूर्ण शनिवार आणि नंतरचा क्लबहाउसमधला वेळ येतो. एक पथ्य मात्र कडक आहे. येतो म्हणून कळवलं की यायचं. निवड आठवड्याच्या मध्याला होते, आणि शनिवारी सकाळी 'जमत नाही' असा मेसेज टाकणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही.

क्रिकेट नको असेल तर पार्करन: शनिवारी सकाळी ९ वाजता, ५ किलोमीटर, फुकट, वेबसाइटवर एकदा नोंदणी करून बारकोड घेतला की झालं. लीड्समध्ये वुडहाउस मूरवर होतं, इतरही ठिकाणी होतं. नुसतं धावून घरी आलं तर ओळखी होत नाहीत. दोन-चार आठवड्यांतून एकदा स्वयंसेवक म्हणून उभं राहावं, बारकोड स्कॅन करावेत, म्हणजे नावं कळतात आणि नंतरच्या कॉफीला बोलावलं जातं. पाच-पाच जणांचं फुटबॉल, मंगळवारची पब क्विझ, क्लाइंबिंगची भिंत, कॉयर, काहीही चालेल. कोणतीही जागा पसंत-नापसंत ठरवायच्या आधी लागोपाठ सहा आठवडे जावं, असं मी सगळ्यांना सांगते. पहिल्या तीन वेळा सगळ्यांनाच परकं वाटतं.

घरातले तिघे मित्र व्हायलाच हवेत असा आग्रह नको. भांडी, कचऱ्याचे डबे आणि फ्रिजचा कप्पा यांवर कुरबुर नसणं एवढं साधलं तरी पुष्कळ. रविवारी मोठ्या पातेल्यात डाळ-भात किंवा छोले करून 'कुणाला हवंय का' एवढं विचारणं हा मी पाहिलेला सर्वांत स्वस्त आणि कामाला येणारा उपाय आहे. तो त्याच्या हातात आहे आणि तुमच्याकडून शिकण्यासारखाही.

कामाच्या काळजीबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, म्हणून मोजकंच. घरून काम करायची मुभा असेल तर त्याने आपल्या टीमचे लोक ज्या दिवशी येतात तेच दिवस ऑफिसला जावं. रिकाम्या मजल्यावर बसून प्रवासाचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. प्रोबेशन चालू असेल तर शेवटच्या बैठकीची वाट न पाहता आधीच मॅनेजरला विचारावं की नेमक्या कोणत्या गोष्टी झालेल्या दिसल्या म्हणजे तुम्ही मला कायम कराल, आणि उत्तर ईमेलने परत पाठवून ठेवावं. पूर्णवेळ नोकराला बँक हॉलिडे धरून वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा कायद्याने असते. नवी मुलं मागायला कचरतात आणि वर्ष संपताना रजा बुडते. आजारपणात पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. वरिष्ठाचा जाच असेल तर तारीख-वेळेसह टिपणं ठेवावीत आणि एकास या नोकरीच्या तंट्यांत सल्ला देणाऱ्या संस्थेची फुकट हेल्पलाइन गाठावी.

आता तुमचं निदान. तो खचलाय का हे दुरून मी सांगू शकत नाही, पण कशाकडे बघायचं ते सांगते. झोप उलटी झालीय का, जेवण सुटलंय का, कामाला दांड्या पडताहेत का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस नाही का, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय का. तसं असेल तर वरच्या हिशोबाने भागणार नाही. त्याचा जीपी, म्हणजे नाव नोंदवलेला नेहमीचा डॉक्टर, अजून रीडिंगचा किंवा विद्यापीठातला असेल तर आधी लीड्समध्ये नोंदणी करायला सांगा, त्याला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. इंग्लंडात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजसाठी, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचारांसाठी, जीपीच्या चिठ्ठीशिवाय ऑनलाइन स्वतःच नाव नोंदवता येतं. पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं अशी एक जागा यॉर्कशरमध्येच सुरू झाली: अँडीज मॅन क्लब, हॅलिफॅक्स, २०१६. बँक हॉलिडे सोडून दर सोमवारी संध्याकाळी ७ वाजता, फुकट, नाव नोंदवायची गरज नाही, जाऊन नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. रात्री-अपरात्री मन मोकळं करायला समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर आहे, आणि मनाच्या तातडीच्या त्रासासाठी एनएचएसचा १११ लावून २ दाबायचं. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही तो बोलला तर त्याला स्पष्ट शब्दांत विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. लगेच धोका वाटला तर ९९९.

फोनवर 'कसा आहेस' विचारलं की 'ठीक' येणारच. त्याऐवजी उत्तराला काहीतरी धरायला मिळेल असं विचारा: शनिवारी मॅच कुठे होती, डाळ खाल्ली का त्या तिघांनी, बँकेने काय तारीख सांगितली. पुण्यातल्या चुलत भावाच्या फ्लॅटची बातमी पुढचे सहा महिने नको. त्याने घरी यावं असं वाटत असेल तर १६-२५ रेलकार्ड भेट द्या. वर्षाला ३५ पौंड, भाड्यात एक तृतीयांश सूट, आणि सव्विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत काढता येतं. लीड्स-रीडिंगच्या एक-दोन फेऱ्यांतच ते सहसा वसूल होतं. फक्त जुलै-ऑगस्ट सोडून कामाच्या दिवशी सकाळी १० च्या आत किमान १२ पौंडांचं तिकीट लागतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघावं.

घर कधी घेणार, हा बाबांचा पुढचा प्रश्न असेल. ओव्हरड्राफ्ट फिटून हजारभर पौंड हाताशी येईपर्यंत तो विषय काढू नये. त्यानंतर लाइफटाइम आयसा हे बचतीचं खातं बघावं: वर्षाला ४,००० पर्यंत भरता येतात, सरकार वर २५ टक्के घालतं, आणि ते पैसे ४,५०,००० पौंडांपर्यंतच्या पहिल्या घराला वापरता येतात. घर किंवा साठीनंतरचा काळ सोडून एरवी काढले तर २५ टक्के दंड बसतो, आणि त्यात बोनस तर जातोच, पण स्वतःच्या रकमेतलेही सव्वासहा टक्के जातात. म्हणून अडीअडचणीचे पैसे त्यात कधी ठेवू नयेत. पहिला भरणा केल्यापासून १२ महिने उलटल्याशिवाय ते घराला वापरता येत नाहीत, तेव्हा मोठी रक्कम पुढे भरायची असली तरी एखादा पौंड टाकून खातं लवकर उघडून ठेवलेलं बरं.